खांदा दुखतो म्हणाला होता

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत, सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर ३१ वर्षं शस्त्रक्रिया करून २०२२ साली निवृत्त झालेल्या सर्जन.

प्रश्न : मॅडम, मी जनरल सर्जन आहे, वय ३४. तीन वर्षांपूर्वी मुंबई सोडून गावाकडे आलो आणि किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात लहानसं हॉस्पिटल सुरू केलं. चार महिन्यांपूर्वी मासे विकणाऱ्या एका बाईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. त्या ४६ वर्षांच्या. खडे होते, दोनदा सूज येऊन गेली होती. ऑपरेशन तासाभरात आटोपलं, मला काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधून पित्त यायला लागलं. पित्ताशयाची नळी समजून मी मुख्य पित्तनलिकाच कापली होती. त्यांना कोल्हापूरला पाठवलं. तिथे आधी नळी घालून पित्त बाहेर काढावं लागलं, मग दोन महिन्यांनी नलिका आतड्याला जोडायचं मोठं ऑपरेशन झालं. आता त्या बऱ्या आहेत, बाजारात परत बसायला लागल्यात. मी मात्र बरा नाही. रात्री तीनला जाग येते आणि क्लिप लावली तो क्षण डोळ्यांसमोर येतो. त्यानंतर पित्ताशयाचं एकही ऑपरेशन केलेलं नाही, सगळे पेशंट घाटावर पाठवतो. घरी जाताना मासळी बाजाराचा रस्ता टाळून मागच्या वळणाने जातो. वकील मित्र सांगतो, तोंड उघडू नकोस. ही खंत कधी जाते का? तुम्ही एवढी वर्षं कशी काढलीत? बाकीचे सर्जन काय करतात?

उत्तर : आधी त्या मागच्या वळणाबद्दल बोलते. मीही असा एक रस्ता टाळत होते. सात महिने.

१९९६ चा मे महिना. पाऊस तोंडावर आलेला, त्यामुळे आंब्याच्या बागांमधून एकच घाई. एका सोमवारी दुपारी ३२ वर्षांच्या एका माणसाला आणलं. शेंड्याकडच्या आंब्यांना झेला पोचेना म्हणून तो झाडावर चढला, फांदी मोडली आणि खाली कातळावर डाव्या अंगावर आपटला. हॉस्पिटलात चालत आला. नाडी ९६, रक्तदाब ११०/७०. एक्स-रेत डावीकडच्या नवव्या आणि दहाव्या बरगडीला तडे दिसले. पोटात सुई घालून पाहिली, रक्त आलं नाही. सोनोग्राफीसाठी तेव्हा आम्हाला कणकवली गाठावी लागे. रात्रभर ठेवून घेतला. सकाळी नाडी ८४, पोट मऊ. मी राउंडला गेले तेव्हा तो कॉटवर उठून बसला होता आणि उजव्या हाताने डावा खांदा चोळत होता. म्हणाला, "बाई, खांदो वायच दुखता. बाकी काय नाय." मी म्हटलं, त्याच अंगावर पडलास, दुखणारच. गोळ्या लिहून दिल्या आणि मंगळवारी दुपारी त्याला घरी सोडला.

रविवारी संध्याकाळी टेम्पोच्या हौद्यात आडवा घालून त्याला परत आणला. ओठ आणि जीभ पांढरीफटक, नाडी हाताला लागेना. पोट उघडलं तर रक्ताने भरलेलं. प्लीहा, आपल्याकडे जिला पाणथरी म्हणतात, ती दोन तुकड्यांत फाटली होती. गॉजमधून गाळून त्याचंच रक्त त्याला परत दिलं. पाणथरी काढली. पण तोवर त्याचं हृदय दमलं होतं. रात्री नऊच्या सुमाराला तो टेबलवरच गेला.

हे कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे, पण इतर वाचकांसाठी लिहिते. पडल्यावर पाणथरीला आतून चीर जाते आणि रक्त तिच्या पातळ आवरणाखाली साठत राहतं. कधी कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने ते आवरण फाटतं आणि माणूस तासाभरात संपतो. पोटात थोडंसं जरी रक्त पाझरलं तरी ते छातीच्या पडद्याला टोचतं, आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं जाणवतं ते डाव्या खांद्याला. पुस्तकात हे लक्षण नावानिशी आहे. मी परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं होतं. तो मात्र माझ्यासमोर कॉटवर बसून खांदा चोळत होता आणि मला ते ओळखता आलं नाही.

यानंतर जे घडलं त्यासाठी मी ही गोष्ट सांगते आहे. मला वाटलं, मी सावरले. झोप लागत होती, हात थरथरत नव्हता. आठ दिवसांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं, ते नीट झालं. पण हळूहळू मी पेशंट घाटावर पाठवायला लागले. पोटाला मार लागलेला आला, पाठव. जरा फिकट दिसतो, पाठव. प्रत्येक वेळी कारण तयार असे : रक्तपेढी नाही, सोनोग्राफी नाही, धोका कशाला घ्या. सगळी कारणं खरी होती. मे महिन्याच्या आधीही ती खरीच होती आणि तरीही मी ऑपरेशनं करत होते.

जुलैत एक बाई आली. दीड महिना पाळी चुकलेली, सकाळी अंगणात चक्कर येऊन पडलेली, पोटदुखीने कण्हत होती. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला होता हे सांगायला कुठलीच तपासणी नको होती. त्याआधीच्या पाच वर्षांत अशा केसेस मी कित्येकदा उघडल्या होत्या. अर्ध्या तासाचं काम, नलिकेला चिमटा लागला की रक्त थांबतं. मी चिठ्ठी लिहिली आणि जीपने कोल्हापूरला पाठवून दिली. फोंडा घाटात दरड आली होती. जीप मध्ये अडकली, मागे फिरली, दुसऱ्या घाटाने गेली. बाई वाचली. तिकडच्या सर्जननी रात्री ट्रंककॉल केला, आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती : "पोटात दोन लिटर रक्त होतं. तुम्ही का नाही उघडलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती वाचली यात माझं काही कर्तृत्व नाही.

डॉक्टर, माझ्या खंतीचा भार त्या बाईने उचलला, आणि तिचा त्या आंब्याच्या गड्याशी काही संबंध नव्हता. म्हणून तुमची झोप उडाली यापेक्षा तुम्ही पित्ताशयं घाटावर पाठवता आहात याची मला जास्त काळजी वाटते. खंत मनात दाबून ठेवली की ती हातात उतरते. कुणी माझ्यासारखं सगळं पुढे ढकलायला लागतं. कुणी उलट वागतं, प्रत्येक दुखणारं पोट उघडायला धावतं, की परत काही सुटायला नको. एक सर्जन मी असे पाहिले की एका मृत्यूनंतर ते सिस्टरवर ओरडायला लागले आणि मग सिस्टर त्यांना वेळेवर काही सांगेनाशा झाल्या. त्याचीही किंमत पुढच्या पेशंटनेच दिली.

त्या ट्रंककॉलनंतर मी आमच्या भूलतज्ज्ञांकडे गेले. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, आंब्याच्या गड्याला भूल त्यांनीच दिली होती, त्या बाईलाही त्यांनीच दिली असती. त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. म्हणाले, आंब्याच्या गड्याचा केसपेपर घेऊन ये. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो आणला. त्यांनी त्यांच्या पडवीत टेबल ओढलं, निळं आणि लाल अशी दोन पेनं ठेवली आणि मला केसपेपर मोठ्याने वाचायला सांगितलं, सोमवार दुपारपासून. जे मला त्या घटकेला माहीत होतं त्याच्याखाली निळी रेघ. जे रविवारी पोट उघडल्यावर कळलं त्याच्याखाली लाल. मी मध्येच "पाणथरी फाटली होती आणि मी त्याला घरी पाठवला" असं काही बोलले की ते थांबवत. "फाटलेली तुला रविवारी दिसली. ती लाल. मंगळवारचं वाच."

दीड तास लागला. मी मनात जे जे आरोप स्वतःवर ठेवले होते त्यातले बहुतेक लाल निघाले. सुईत रक्त न येणं निळं होतं, आणि ते माझ्या बाजूचं होतं. नाडी उतरली होती, तीही निळी, तीही माझ्या बाजूची. पण बरगड्या निळ्या होत्या. आणि खांदा निळा होता. तो तर मी केसपेपरवर लिहिलासुद्धा नव्हता. ते वाक्य त्यांनी मला समासात लिहायला लावलं, तारीख घालून, आज लिहिते आहे असा उल्लेख करून. जुन्या नोंदीला हात लावू दिला नाही. म्हणाले, "हे एवढं तुझं. एवढं घेऊन जा." डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या मोडल्या आणि खांदा दुखत असला तर पेशंट पाच दिवस माझ्या नजरेखालून हलणार नाही, रोज हिमोग्लोबिन बघायचं, हे त्या दिवशी ठरलं. त्यानंतरच्या २६ वर्षांत ते मी मोडलं नाही. त्या नियमामुळे दोन पाणथऱ्या वेळेवर सापडल्या.

आता तुमच्या केसमध्ये निळं काय आणि लाल काय ते बघू. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं आपल्या देशात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी सुरू केलं. तेव्हापासून जगभरच्या मोठ्या आकडेवारीत ही मुख्य नलिकेची जखम हजारात तीन ते पाच जणांना होते असं दिसत आलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्जननी अशा २५२ जखमा तपासून २००३ साली निष्कर्ष मांडला की ९७ टक्के वेळा मूळ कारण नजरेची फसगत होती. हात कमी पडला असं फक्त तीन टक्क्यांत. पित्ताशय वर ओढून धरलं की मुख्य नलिका ताणून सरळ रेषेत येते आणि डोळ्यांना तीच पित्ताशयाची नळी वाटते. वाटतं इतकं ठामपणे की कापतानाही शंका येत नाही. तुम्ही लिहिलंत ना, "मला काही वावगं वाटलं नाही", ते अगदी खरं असणार. म्हणून "मला दिसलं कसं नाही" या प्रश्नावर रात्री तीनला डोकं आपटण्यात अर्थ नाही.

तुमच्यासाठी निळा प्रश्न वेगळा आहे. १९९५ साली स्ट्रासबर्ग या सर्जननी सांगितलेली पायरी तुम्ही पूर्ण केली होती का? पित्ताशयाच्या मानेजवळच्या त्रिकोणातली चरबी आणि पडदे साफ, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि रक्तवाहिनी, दिसताहेत, तिसरी नाही. दोनदा सूज येऊन गेलेल्या पित्ताशयात हे दिसणं अवघड असतं. मग प्रश्न असा : दिसत नव्हतं तेव्हा थांबून पोट उघडायचा किंवा पित्ताशयाचा वरचा भाग तेवढा काढून बाहेर यायचा विचार केला होता का? ऑपरेशनचं रेकॉर्डिंग असेल तर ते एकट्याने पाहू नका. एकट्याने पाहिलंत तर सगळंच लाल होऊन जाईल. कुणातरी सर्जनला शेजारी बसवा, आणि क्लिप लावायच्या आधी पाच मिनिटांवर थांबवून विचारा, "तू इथे काय केलं असतंस?" उत्तर प्रामाणिक असेल तर त्यातून एक-दोन गोष्टी हाती लागतील. तेवढ्याच घेऊन जा.

मग पित्ताशयं परत सुरू करा. पहिली दहा दुसऱ्या सर्जनला सोबत घेऊन. क्लिप लावायच्या आधी हात थांबवून मोठ्याने म्हणायचं, "दोनच दिसताहेत का?" आणि सिस्टरनेसुद्धा "नाही" म्हणायला घाबरू नये असं ऑपरेशन थिएटर ठेवायचं.

बाजाराचं आता. त्या बाईंना तुम्ही नीट सांगितलं आहे का, काय झालं ते? पत्रात तसं कुठे दिसत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, शेजारच्या पाटीवालीने सांगितलं असेल. तुमच्याकडून कळणं राहिलं आहे. वकिलाचा सल्ला जरूर घ्या, इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, केसपेपरच्या एका अक्षरालाही हात लावू नका. पण तोंड न उघडणं हा सल्ला मला पटत नाही. डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं, त्या बाई उद्या तक्रार करू शकतात आणि तो त्यांचा हक्क आहे. त्याच न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हेही सांगितलं की उपचार फसला किंवा अंदाज चुकला म्हणजे तो निष्काळजीपणाच झाला असं नाही. या दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवून जा. जे घडलं ते साध्या शब्दांत सांगा : पित्ताशयाची नळी समजून मी दुसरीच नळी कापली, त्यामुळे तुमचे चार महिने गेले, धंदा बुडाला, मला याचं वाईट वाटतं, पुढे दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागेल आणि ताप किंवा कावीळ दिसली तर लगेच या. हे शेवटचं सांगणं तर वैद्यकीयदृष्ट्याच गरजेचं आहे, तो जोड काही वर्षांनी सुद्धा आवळून अरुंद होऊ शकतो. तुम्ही मागच्या वळणाने जात राहिलात तर हे त्यांना कोण सांगणार?

मी गेले होते त्या गड्याच्या घरी, डिसेंबरात. चिऱ्याचं घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, त्यावर सुपारी वाळत घातलेली. त्याच्या बायकोने मला बसायला पाट दिला. मी सांगितलं : तो खांदा दुखतो म्हणाला होता, तेव्हाच मला पाणथरीचा संशय यायला हवा होता, मी त्याला ठेवून घ्यायला हवं होतं. ती बराच वेळ सुपाऱ्या उलटत राहिली. मग म्हणाली, "तो थय ऱ्हवलोच नसतो बाई. पेट्यो भरूच्यो होत्यो." मला बरं वाटावं म्हणून तिने ते म्हटलं असावं, आणि कदाचित ते खरंही होतं, पण तो राहिला असता की नाही हे ठरायची वेळच मी येऊ दिली नव्हती. हे मी तिला बोलले नाही. त्याचे वडील आत होते. ते बाहेर आले नाहीत, नंतरही कधी माझ्याकडे आले नाहीत, त्यांचं मोतीबिंदूचं दुखणं असो की धाकट्या नातवाचं. त्यांना तो अधिकार होता. पण त्या दिवसापासून मी त्या रस्त्याने जायला लागले.

तुम्ही विचारलंत, बाकीचे सर्जन काय करतात. मोठ्या शिकाऊ रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसवर ठरलेल्या दिवशी बैठक होते. वाईट झालेलं सगळ्यांसमोर मांडायचं, उलटतपासणी सोसायची. तुम्ही मुंबईत हे केलं असणार, आणि कदाचित त्याला शिव्याही घातल्या असतील. गावात एकट्या सर्जनला ती उलटतपासणीच मिळत नाही, आणि तीच सगळ्यात जास्त हवी असते. आम्ही तीन तालुक्यांतल्या चार जणांनी १९९८ पासून महिन्याच्या शेवटच्या रविवारी कणकवलीत बसायला सुरुवात केली. प्रत्येकाने एक बिघडलेली केस आणायची. चांगल्या झालेल्या केसेस सांगायला बंदी. पहिले सहा महिने सगळे किरकोळ जखमा पिकल्याच्या गोष्टी सांगत होते. सातव्या महिन्यात आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ बोलले, एका बाळंतिणीबद्दल, बारा वर्षांपूर्वीच्या. बारा वर्षांत त्यांनी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यानंतर खऱ्या केसेस यायला लागल्या.

लिहून ठेवायची गोष्ट जुनीच आहे. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलातल्या १९११ ते १९१६ मधल्या ३३७ पेशंटांचा हिशेब छापला आणि त्यात स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या १२३ चुका मोजून दाखवल्या. त्यांच्या व्यवसायबंधूंना ते रुचलं नाही. आपल्या कोकणातलं उदाहरण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्करांचं. ते सर्जन नव्हेत, पण सत्तरीच्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर जात होती. ते प्रत्येकाची नाडी, रक्तदाब, छातीतला आवाज टिपत राहिले. त्या वह्यांमधूनच पुढे प्राझोसिन या औषधाचा उपाय निघाला आणि विंचवाने मरणाऱ्यांचं प्रमाण टक्क्याच्या आसपास उतरलं. गेलेल्या पेशंटविषयी नुसतं हळहळून हे झालं नसतं.

हातून चूक झालेल्या डॉक्टरांसाठी २००० साली अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी एक शब्द वापरला, 'दुसरा बळी'. चूक झालेल्या डॉक्टरलाही आधार लागतो हे त्यामुळे लोकांना कळलं, ते चांगलंच झालं. मला स्वतःला तो शब्द घशाखाली उतरत नाही. पेशंटच्या नातेवाइकांनीही पुढे त्याला हरकत घेतली. चार महिने पाटी न उचललेली बाई एक आहे, आणि तुम्ही दुसरे आहात, पण बळी नाही. तुम्हाला त्रास होतो आहे, तो खरा आहे, त्याला मदत हवी. एवढं म्हटलं की पुरे.

खंत जाते का? माझी गेली नाही. आंबे उतरायला लागले की अजून तो खांदा आठवतो. पण १९९६ च्या जुलैत ती माझ्या वतीने निर्णय घेत होती, तसं नंतर झालं नाही. कणकवलीची आमची बैठक अजून चालू आहे, मी आता ऐकायला जाते. शेवटच्या रविवारी सकाळी दहाला. या. केसपेपर घेऊन या.

प्रश्न : गुहागर तालुक्यातून लिहितो. गेल्या पावसाळ्यात वडिलांचा हर्निया अडकला. ऑपरेशन झालं, आतडं काळं पडलं होतं असं सांगितलं. चौथ्या दिवशी ते गेले. त्यानंतर डॉक्टर आम्हाला भेटलेच नाहीत, बिलाचं आणि कागदांचं सगळं कंपाउंडरने केलं. मला भांडायचं नाही. त्यांना काही वाटत असेल का, एवढंच जाणून घ्यायचं आहे.

उत्तर : वाटत असणार. माझ्या ओळखीत असा सर्जन नाही ज्याला वाटत नाही, दाखवता न येणारे पुष्कळ आहेत. पण त्यांना वाटतं म्हणून तुमचं समाधान का व्हावं? त्यांनी तुम्हाला भेटायला हवं होतं. तोंड चुकवणं ही चूकच आहे, तिला माझ्या व्यवसायाकडून सबब देणार नाही.

तुम्ही जा. ओपीडीच्या गर्दीत नको, संध्याकाळी वेळ मागून. असं म्हणा, "भांडायला आलो नाही, बाबांचं काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय." विचारा : हर्निया अडकून किती तास झाले होते, आतडं किती कापलं, चौथ्या दिवशी नेमकं काय बिघडलं. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडतो, आणि पावसात वाडीवरून हॉस्पिटल गाठेपर्यंत ते तास गेलेले असतात. असं झालं असेल तर तो दोष डॉक्टरांचा नाही आणि तुमचाही नाही. पण हे अंदाजाने मानू नका, विचारा. केसपेपरची प्रत हवी असेल तर लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे, आणि हॉस्पिटलला कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात, म्हणून उशीर करू नका.

शक्य असेल तर एकटे जा. चारपाच माणसं आत शिरली की डॉक्टरला मारहाणीचीच भीती वाटते आणि मग तो वकिलासारखं बोलतो.

प्रश्न : माझे पती रत्नागिरीत सर्जन आहेत. दीड महिन्यापूर्वी त्यांचा एक पेशंट दगावला. तेव्हापासून ते घरी येऊन गच्चीवर एकटेच बसतात, जेवण कमी झालंय, हल्ली रोज पिणंही सुरू झालंय. काय झालं विचारलं की "काही नाही" म्हणतात. मी काय करू?

उत्तर : रोजचं पिणं आणि दीड महिना, या दोन गोष्टींमुळे मी याला नुसतं वाईट वाटणं म्हणणार नाही. ते "माझ्या असण्याने काय फरक पडतो" असं काही बोलले, किंवा औषधांशी, भुलीच्या इंजेक्शनांशी एकटे राहायला लागले, तर थांबू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आहे, मराठीतून बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या सर्जनला किंवा भूलतज्ज्ञाला गुपचूप कळवा. घरच्यांना न सांगितलेलं आम्ही ऑपरेशन थिएटरमधल्या माणसाला सांगतो.

आणि "काय झालं" विचारू नका. त्या प्रश्नाला सर्जन निदान सांगतो, नाही तर काहीच सांगत नाही. गच्चीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि त्या पेशंटचं नाव विचारा. गाव कुठलं, घरी कोण कोण आहे, काय काम करायचा, ते विचारा. त्यांना ते सगळं पाठ असेल.